घोडीच्या गुडघ्याची पावडर

नूरमहंमद टांगेवाले त्या सकाळी आमच्या दवाखान्यात आले तेव्हा घोडी त्यांच्या मागून चालत होती आणि टांगा बरोबर नव्हता. एवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. रोह्यात त्यांना टांग्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

मी तेव्हा रोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. कागदावर हुद्दा व्रणोपचारक असा होता, पण मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. राहायला पेणला. सकाळच्या गाडीने रोह्याला यायचो, संध्याकाळी परत जायचो. पाऊस फार असला की स्टेशनवरून दवाखान्यापर्यंत नूरचाचांच्या टांग्यात बसायचो. त्यामुळे त्यांना ओळखत होतो आणि त्यांच्या घोडीलाही. तिचं नाव शेवंती. माथेरानच्या एका घोडेवाल्याकडून घेतलेली. नाव तिथलंच, चाचांनी बदललं नाही. म्हणायचे, "तिला या नावानं वळायची सवय झालीया, आपण कशाला गोंधळ घालायचा?"

चाचांचं घर रोह्याजवळच्या अष्टमी गावात. त्यांच्या वडिलांचाही टांगाच होता. मोहल्ल्यातली निम्मी माणसं आखातात गेली तेव्हा चाचाही एकदा निघाले होते. मुंबईत एजंटकडे तीन आठवडे बसून राहिले आणि व्हिसा हातात पडायच्या आदल्या दिवशी एसटी पकडून घरी परत आले. बायकोने, अमीनाभाभींनी, विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं पेट्या उचलायचं काम हाय गो. जनावर नाय दिसणार दोन-दोन वर्सं." हा किस्सा ते स्वतःच हसत सांगायचे. भाभी मात्र तो ऐकताना हसत नसत. बरोबरीच्या बायकांची घरं पक्की झालेली त्या रोज बघत होत्या.

म्हणून त्यांचा एकुलता मुलगा आमीर शारजाला गेला आणि तेही घोड्यांच्या तबेल्यात कामाला लागला, तेव्हा दोघांनाही वाटलं की राहून गेलेलं एक काम मुलाने पुरं केलं. चाचा प्रत्येक पॅसेंजरला सांगायचे. शर्यतीचे घोडे हायत, एकेका घोड्याला पंखा हाय, आमचा आमीर त्यांना खरारा करतो.

तर ही गोष्ट १९९४ च्या भाद्रपदातली. शेवंती पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती. चाचांना वाटत होतं नाल चुकला असेल, खडा रुतला असेल. डॉक्टरांनी खूर तपासला, काही नव्हतं. मग त्यांनी तो पाय गुडघ्यात दुमडून मिनिटभर धरून ठेवला आणि सोडल्याबरोबर मला तिला दुडक्या चालीने पळवायला सांगितलं. पाय जमिनीला टेकला की ती डोकं वर उडवायची. अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन मी परत आलो तर चाचा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"संधिवात आहे," डॉक्टर म्हणाले. "सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, गादीसारखी. तिची ती झिजलीय. माथेरानचा चढउतार, मग इथली डांबरी सडक. वय किती, चौदा?"

"चौदा-पंधरा. ती गादी परत भरंल ना?"

"नाही भरत. विश्रांती द्या. ओझं बंद. फारच दुखलं तर सुई देऊ, पण ती रोज दिली तर पोट बिघडेल."

स्टेशनवर तेव्हा मिनीडोर रिक्षांची रांग लागायला लागली होती. टांगे उरले होते चार. जो महिनाभर दिसला नाही त्याची जागा गेली, हे मलाही माहीत होतं.

डॉक्टर चांगला माणूस होता. रिकाम्या हाताने कोणाला पाठवायचं त्यांच्या जिवावर येई. ते सहज बोलून गेले, "परदेशात आता शर्यतीच्या घोड्यांना सांध्यांसाठी एक पावडर देतात. चाऱ्यातून. आपल्याकडे मिळत नाही. तुमचा मुलगा तबेल्यात आहे ना? विचारून बघा. पण त्याने बरं होतंच असं नाही हं. काहींना फरक पडतो, काहींना नाही."

यातलं शेवटचं वाक्य चाचांनी ऐकलं की नाही, मला शंका आहे.

पत्र मी लिहिलं. चाचांना उर्दू वाचता यायचं, लिहायचा सराव नव्हता आणि आमीर मराठी शाळेत शिकलेला. जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. दीड महिन्याने कोलाडचा एक माणूस शारजाहून सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर डबा आला. पांढरा, हातभर उंच, झाकणावर सील आणि आत मापाचा चमचा. आमीरने लिहिलं होतं, तबेल्यातल्या घोड्यांच्या डॉक्टरला सांगितलं तर त्याने मुदत संपत आलेला डबा देऊन टाकला.

आमच्या डॉक्टरांनी त्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं. पहिले सहा आठवडे दुप्पट माप, मग निम्मं. परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. "यात मुख्य वस्तू आहे ती कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात," ते म्हणाले.

"कोळंबीची सालं?" चाचांनी विचारलं. "ती तर आमच्या उकिरड्यावर पडतात."

"तशी नाही चालत. कारखान्यात त्यातून वेगळी काढावी लागते. आणि ऐका, हे सहा आठवडे तिला टांग्याला जुंपायचं नाही."

चाचांनी ते पाळलं. भिजवलेल्या चण्यात आणि गुळात पावडर कालवून सकाळ-संध्याकाळ तोबरा बांधायचे. स्वतः स्टेशनवर हमाली केली. पाचव्या आठवड्यात शेवंती सकाळी उठताना कण्हत नाही असं भाभी म्हणाल्या. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा पाय दुमडून बघितला. डोकं उडवत होती, पण थोडं.

"फरक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण नूरभाई, सहा आठवडे ती उभीच होती. विश्रांतीने झालं की पावडरीने, हे मी सांगू शकत नाही."

"दोनी मिळून झालं असंल," चाचा म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजला.

टांगा पुन्हा सुरू झाला. तीनच्या वर माणसं घेत नसत, पुलाच्या चढावर स्वतः उतरून चालत. लोक कुरकुरायचे आणि मिनीडोरकडे वळायचे. चाचांना त्याचं काही नव्हतं. त्यांची नजर त्या गुडघ्यावर असायची आणि डब्यात किती उरलंय यावर.

डबा अर्ध्यावर आला तेव्हा ते पुन्हा माझ्याकडे आले. "लिव्हा भाऊ. म्हणावं पावडर संपत आली. आणखी एक डबा बघ."

मी लिहिलं. आणि शेवटी माझ्या मनाने एक वाक्य घातलं. चाचा एवढे बापुडवाणे होऊन सांगत होते, मला वाटलं पत्रात तेवढा जोर येत नाहीये. म्हणून लिहिलं, "या उपचारात खंड पडला तर केलेलं सगळं वाया जाईल, तेव्हा काहीही कर पण पाठव." वाचून दाखवताना ते वाक्य मी वाचलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. पेणची शटल गाडी गाठायची होती, घाई होती.

दुसरा डबा आला तो दुधाच्या पावडरीचा होता. वर चिकटपट्टी, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत तीच पांढरट पावडर. सील नाही, छापील कागद नाही. माझ्या ते लक्षात आलं. डॉक्टरांच्याही आलं असणार, कारण त्यांनी वास घेऊन "तीच दिसते" म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. घोडी चालत होती. पुढच्या वर्षभरात आणखी दोन पत्रं गेली, आणखी दोन डबे आले. दोन्ही तसेच.

१९९६ च्या दिवाळीच्या आधी आमीर स्वतःच आला. बरोबर एकच बॅग. घरी सांगितलं, करार संपला, नवा व्हायला वेळ लागेल. आखातातून येणारा माणूस महिनाभर पाहुणा असतो, तसा तो नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून तो शेवंतीची साफसफाई करायला लागला आणि बाजारात जायचं टाळायला लागला. तो सव्वीस वर्षांचा होता, अंगाने बापासारखाच बुटका, हात मात्र मोठे.

एकदा बापलेक दोघं मिळून शेवंतीला दाखवायला घेऊन आले. शेवटचा डबा थोडासा उरला होता. डॉक्टर तिचा गुडघा चाचपत होते. चाचा आमीरला म्हणाले, "तिथं तुझा कोण दोस्त असंल तर त्याला कळव. हे आपले पुंडलिकभाऊ लिवतील. तू तिथं परत जाईस्तोवर खंड नको."

आमीरने लगाम हाताभोवती गुंडाळला.

"आईकलंस काय?"

"ऐकलं अब्बा. नाय मिळणार."

"का नाय मिळणार? इतके दिस मिळत व्हती."

आमीरने लगाम माझ्या हातात दिला. घोडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे बापाचा चेहरा दिसणार नाही असा. "पहिला डबा डॉक्टरनं दिलता. बाकीचे मी काढले. कोठीतून, थोडी थोडी. एक डबा माझ्या दोन महिन्यांच्या पगाराचा हाय अब्बा, कसा घेणार व्हतो? कोठीवाल्यानं हिशोब लावला नि पकडलं. पोलिसात नाय दिलं, मालकानं तेवढं केलं. पासपोर्टवर शिक्का मारून धाडून दिलं."

डॉक्टरांनी गुडघ्यावरचा हात काढला. बाहेर कोणाची तरी म्हैस ओरडत होती.

चाचा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मला का नाय लिवलंस?"

"तुमीच लिवलंत ना, काहीपण कर पण पाठव."

"मी असं नाय लिवलं."

तेव्हा मला बोलावं लागलं. मी सांगितलं की ते वाक्य माझं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा माणूस मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमी लिवलं नसतं तरी मी मागतच व्हतो ना. डब्यावर सील नाय ते मला दिसत नव्हतं काय? मी नाय इचारलं. तुमीबी नाय इचारलं." मग घोडीला घेऊन ते एकटेच निघून गेले. आमीर आमच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत चाचा हजर. हातात तो उरलेला डबा, फडक्यात बांधलेला. तबेल्याच्या मालकाला इंग्रजीत पत्र लिहून द्या असं डॉक्टरांना म्हणाले. "लिवा की पावडर माझ्या घोडीनं खाल्ली. मी मागितली म्हणून पोरानं घेतली. जे उरलंय ते परत करतोय."

डॉक्टरांनी समजावलं, त्याने काही होणार नाही, मालक वाचणारही नाही. चाचा ऐकेनात. शेवटी पत्र लिहिलं. पोस्टात पावडरीचं पार्सल घेईनात. परदेशात अशी उघडी वस्तू जात नाही म्हणाले. मग नुसतं पत्र गेलं. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. डबा घरी परत आला आणि फळीवर बसला. चाचा तो घोडीला देईनात. हराम आहे म्हणाले. भाभी म्हणाल्या, मुक्या जनावराला कसलं हराम-हलाल, तिनं काय चोरी केली? पण त्यांनी हात लावू दिला नाही.

पावडर बंद झाली आणि शेवंती होती तशीच राहिली. एक महिना, दोन महिने. ना जास्त लंगडली, ना कमी. मी ते पाहत होतो. चाचांनी एकदा डॉक्टरांना सरळ विचारलंच.

"म्हंजे त्या पावडरीनं काय व्हत नव्हतं? खरं सांगा."

"तसं नाही म्हणता येत. तिचा परिणाम बंद केल्यावरही काही दिवस टिकतो असं म्हणतात."

"नि पोराची नोकरी गेली ती?"

डॉक्टर टेबलावरचं पॅड सरळ करत राहिले. "मला माहीत नाही नूरभाई. ज्यांनी ती पावडर बनवली त्यांनाही पक्कं माहीत नाही."

जानेवारीच्या थंडीत तिचा गुडघा सुजला. आता तरी कळलं असं म्हणावं, तर डॉक्टर म्हणाले, थंडीत असंही वाढतं. कशानेच काही सिद्ध होत नव्हतं. भाभींनी मग कोणाला न विचारता कोळंबीची सालं उन्हात वाळवली, पाट्यावर वाटली आणि कोंड्यात मिसळली. शेवंतीने तोबरा झटकून टाकला. भाभी तो सांडलेला कोंडा गोळा करत होत्या तेव्हा मी तिथे होतो. मी म्हटलं, "भाभी, डॉक्टर म्हणाले होते, तसं नाही चालत."

"म्हायत हाय मला," त्या म्हणाल्या. "पण घरात काहीतरी करायला पायजे ना कोणी. हे दोघं एकमेकांशी बोलत नायत."

ते खरं होतं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. आमीर धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. शिफ्ट संपली की अंगाला केमिकलचा वास घेऊनच यायचा, हातपाय धुवायचा आणि शेवंतीचा गुडघा शेकायला बसायचा. गरम पाण्यात पोतं बुडवून, पिळून, गुंडाळून. तबेल्यात शिकलेलं काम होतं ते. मग तिला नदीच्या कडेने मऊ मातीवर हळूहळू फिरवून आणायचा, रोज तेवढंच अंतर. चाचा ओटीवर बसून बघायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी टांगा विकून टाकला. घोडी विकली नाही. घ्यायला आलेल्या माणसाला म्हणाले, "ही कामाची नाय रायली," आणि आत निघून गेले.

पहिल्यांदा ते आमीरशी बोलले ते घोडीवरूनच. ओटीवरून म्हणाले, "डाव्या पायावर जास्त भार देते. तोबी शेक." आमीरने दुसरं पोतं आणलं. चाचा खाली उतरले आणि त्यांनी तो पाय धरला. हे मला भाभींनी सांगितलं. सांगताना त्या पदराने डोळे पुसत नव्हत्या. लसूण सोलत होत्या. पण दोनदा सांगितलं.

शेवंती १९९९ च्या फेब्रुवारीपर्यंत जगली. शेवटी आठ दिवस उठेचना. डॉक्टरांनी आणि मी जाऊन पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही." चाचांनी मान हलवली. मी डोकं धरलं, आमीरने मान. सुई लागल्यावर तिचा श्वास एकदा मोठा झाला आणि थांबला. चाचा जवळ बसून होते, त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. हाताखालचा तो सांधा लाकडाच्या गाठीसारखा झाला होता. खाडीच्या बाजूला, मोहल्ल्यातल्या माणसांनी खणलेल्या खड्ड्यात तिला पुरलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आमीरला कतारमध्ये काम मिळालं, एका नातेवाइकाच्या किराणा दुकानात. शारजाचा रस्ता त्याला बंदच होता. मुंबईची एसटी पेणला चहापाण्याला थांबते म्हणून चाचा त्याला पोचवायला पेणपर्यंत बसून आले. मी स्टँडवर गेलो. भाभींनी बांधून दिलेल्या सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा, वास बॅगेतून येत होता आणि आमीर म्हणत होता की विमानात ते घेऊन देणार नाहीत.

कंडक्टरने घंटी मारली. चाचा म्हणाले, "आता मी काय मागणार नाय तुझ्याकडं. तू नीट ऱ्हा."

"मागा अब्बा," आमीर म्हणाला. "मागा, मी विकत घेऊन धाडीन. नाय परवडलं तर नाय म्हणून लिवीन."

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग तो चढला.

मी त्यांना घरी नेलं. माझ्या बायकोने, अनिताने, चहा केला. चाचा खुर्चीच्या टोकावर बसले होते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले की घोडी गेल्यावर त्यांना पहाटे उठून काय करायचं ते कळत नाही. उठतात आणि बसून राहतात. भाभी चिडतात. मी म्हटलं दवाखान्यात येत जा, आम्हाला जनावर धरायला माणूस लागतोच. ते बघू म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी ते आले. एका बैलाच्या खुरात जखम होती, तो कोणाला जवळ येऊ देत नव्हता. चाचा त्याच्या मानेशी उभे राहिले, हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि मी जखम धुऊन घेतली. नंतर त्यांनी बैलवाल्याला विचारलं, "किती दिस झाले याला?" तो म्हणाला, पंधरा. चाचा त्याला म्हणाले, "लवकर का नाय आणलास?" आणि मग बादली घेऊन पाणी आणायला गेले.